अफशीनचा ‘शि’

कुरुंद्यात लग्नपत्रिकेच्या पाकिटांवर उर्दूत नावं घालायची असली, की लोक नासेर मिस्त्रींच्या घरी येतात. नासेर मिस्त्रींचं हळद शिजवायच्या कुकरचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांना उर्दू वाचता येतं, लिहिताना हात आखडतो. पाकिटं असतात ती त्यांच्या थोरल्या मुलीसाठी. अफशीन चोवीस वर्षांची आहे. दहावीपर्यंत उर्दू शाळा, मग नांदेडला नर्सिंगचा कोर्स, त्यानंतर हिंगोलीच्या एका खासगी दवाखान्यात तीन वर्षं नोकरी. शाळेत असताना सुंदर अक्षराच्या स्पर्धेत ती जिल्ह्यात दुसरी आली होती.

तिच्या अक्षराची तारीफ करणारे एकच गोष्ट सांगतात, की रेघ एका दमात उतरते. लेखणी उजवीकडे वर टेकते आणि खाली डावीकडे सुटते, मध्ये कुठं थबकत नाही. पाचवीपासून मौलवीसाहेबांनी तिचा हात धरून ती रेघ दोन वर्षं गिरवून घेतली होती. हात एकदा बसला की बसला, मग तो उठत नाही, असं ते म्हणायचे. त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते अफशीनला गेल्या डिसेंबरात कळलं, जपानी शिकायला लागल्यावर.

हिंगोलीत एसटी डेपोजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर देविदास राठोडचा क्लास आहे. देविदास सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. जपानमध्ये तीन वर्षं भाजीपाला निवडून पॅक करायच्या कारखान्यात काम करून आला, आणि आता जी भाषा तिथं ऐकत-ऐकत शिकला ती इथं शिकवतो. पहिल्या बॅचला सात जण होते. पुण्यातली एक संस्था जपानमधल्या वृद्धनिवासांसाठी मुली निवडते. त्या संस्थेनं हिंगोलीतून चार मुलींना मुलाखतीला बसवायचं कबूल केलं होतं. अट एवढीच, की तीन महिन्यांचं जपानी आलं पाहिजे: अक्षरओळख, स्वतःची माहिती सांगणं, साध्या प्रश्नांना उत्तरं. निवड झाली की आठ महिने पुण्यात ठेवून पुढचं सगळं संस्था शिकवणार आणि मग पाठवणार. पुन्हा हिंगोलीकडे कधी येऊ हे संस्थेनं सांगितलं नव्हतं.

अफशीनला जपानची ओढ लागली ती एका खुर्चीमुळे. देविदासनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला होता. एका निवासातली बाई बटण दाबते, आणि खुर्चीवर बसलेले आजोबा खुर्चीसकट अलगद आंघोळीच्या टाकीत उतरतात. बाईचे दोन्ही हात मोकळे. दवाखान्यात नव्वद किलोच्या पेशंटची कूस बदलताना अफशीनच्या पाठीत दोनदा उसण भरली होती. तिनं तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि क्लासची वेळ ड्यूटीच्या आड येते म्हणून नोकरी सोडली.

पहिले काही दिवस घरात करमणूक झाली. जपानीत ‘हो’ला ‘हाय’ म्हणतात.

“चाय पीती क्या गे?” खतीजाबींनी, म्हणजे तिच्या आईनं विचारलं.

“हाय.”

“हाय वो मेरेकू बी मालूम. चुल्हे पे हाय. तू पीती क्या वो बोल.”

भाषा तिला जड गेली नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि प्रश्न करायचा तर त्याच्या पुढं ‘का’ लावायचा. “आपलं मराठीच हाय ही,” देविदास म्हणायचा. “शब्द तेवढे बदलून राह्यले.” जपानी अक्षरांचा पहिला संच गोलाईचा असतो. तो तिनं पंधरा दिवसांत असा उतरवला, की देविदासनं तिची वही वर्गात फिरवली.

“सर, वही दाखवायची तर हिचीच दाखवा,” संगिता म्हणाली. “आमच्या बघितल्या तर जपानवाले दार लावून घेतील.”

संगिता देविदासच्याच तालुक्यातल्या तांड्यावरची. मराठी शाळेत शिकलेली, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण तोंडानं फटकळ आणि पाठांतराला पक्की. दोघी एकाच बाकावर बसायच्या.

अडचण दुसऱ्या संचापासून सुरू झाली. ही अक्षरं सरळ फटकाऱ्यांची असतात आणि परदेशी नावं यातच लिहितात. अफशीनचं नाव लिहायला पाच खुणा लागतात: आ, फु, शि, लांबवायची आडवी रेघ आणि शेवटी न. यातल्या ‘शि’ला दोन बारीक फटकारे आणि एक लांब रेघ असते. ‘त्सु’ नावाच्या दुसऱ्या अक्षरालाही दोन बारीक फटकारे आणि एक लांब रेघच असते. फरक दिशेचा. ‘शि’ची रेघ डावीकडे खालून निघते आणि उजवीकडे वर चढते. ‘त्सु’ची रेघ उजवीकडे वरून निघते आणि डावीकडे खाली उतरते. शेजारी शेजारी ठेवली तर ती अशी दिसतात: シ, ツ. ‘न’ आणि ‘सो’ या जोडीचंही तसंच.

उजवीकडे वरून निघून डावीकडे खाली. पाचवीपासून अफशीनचा हात तेवढंच करत आला होता.

“ही ‘शि’चा ‘त्सु’ झाला,” देविदासनं वहीवर लाल गोल केला. “आणि इकडं ‘न’चा ‘सो’. वाचताना वळखू येतेत का तुला?”

“येतेत सर. हा शि, हा त्सु.”

“बराबर. मंग लिहिताना काहून चुकती?”

“हात जातो सर.”

“हात काय बैल हाय का?”

“सर, बैल बी कासरा वढला की वळतो,” संगिता म्हणाली. वर्ग हसला. अफशीनही हसली.

तिनं हरतऱ्हेनं करून पाहिलं. अक्षराशेजारी बाण काढले. रोज दोनशे वेळा गिरवलं. हळू लिहिलं तर जमायचं, पण मग रेघ थरथरायची. लकव्यातून उठलेले पेशंट सही करायला लागले की अशी रेघ काढतात, हे तिनं वॉर्डात पाहिलं होतं. तिथं ती त्यांना ‘हळूहळू जमतं’ म्हणून सांगायची. जरा वेग आला, किंवा मन शब्दाच्या अर्थाकडे गेलं, की हात आपल्या वाटेनं उतरून मोकळा. वर्गातल्या बाकीच्यांचं अक्षर कच्चं होतं, म्हणून जिकडे वळवलं तिकडे वळलं. हिचं पक्कं होतं.

दोन अक्षरं चुकतात हे वर्गात सगळ्यांना ठाऊक झालं. ती चुकली म्हणजे अख्खं नाव काय होतं, ते कुणी मोठ्यानं वाचून पाहिलं नाही.

फेब्रुवारीत हळदीचा हंगाम भरात आला आणि नासेर मिस्त्रींच्या दुकानापुढं कुकरचे ड्रम दुरुस्तीला लागले. शेतकरी ड्रमवर आपलं नाव टाकून घेतात. खडूनं कुणी लिहून दिलं, की मिस्त्री त्यावरून वेल्डिंगची कांडी चालवतात. एका दुपारी अफशीन दुकानात बसून वहीत ‘शि’ काढत होती. मिस्त्रींनी डोळ्यांपुढची वेल्डिंगची काच वर करून पाहिलं.

“कायकू एकीच हर्फ काढरई सुबह से?”

तिनं समजावून सांगितलं. हात डावीकडून उजवीकडे चढत नाही, उलटा उतरतो.

मिस्त्रींनी विचार केला तो पत्र्याचा केला. “हाथ नईं मुडता तो पत्रा घुमा,” ते म्हणाले. “मैं तो येईच करता.”

अफशीननं वही उलटी केली, डोक्याकडची बाजू आपल्याकडे. आता खालून वर चढायची रेघ वरून खाली उतरायची झाली. तिनं एका दमात ती ओढली, फटकारे दिले आणि वही सरळ केली. ‘शि’ छापल्यासारखा आला होता. ‘न’ही आला. तिनं पाठोपाठ वीस काढले. एकही चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये तिनं ते करून दाखवलं. संगितानं बाकावर थाप मारली. देविदास मात्र हसला नाही.

“ही चालणार न्हाई.”

“सर, अक्षर तर बराबर आलं.”

“अक्षर आलं, पण तिथं अक्षरच बघत न्हाईत. कसं काढलं ते बी बघतेत. कोणती रेघ आधी, कोणती मागून. माझ्या मुकादमानं मला ‘सात’ आकडा तीनदा लिहाया लावला होता. मुलाखतीत त्यांनी म्हणलं, नाव लिहून दाखवा, आणि तू कागद गरकन फिरवला, तर?” त्यानं वही सरळ करून तिच्यापुढं ठेवली. “अशी सवय लागली तर मोडायची न्हाई. सरळ धरून लिही. जमतं.”

तो सांगत होता त्यात खोटं काही नव्हतं. जपान पाहिलेला तिथं तो एकटाच होता. अफशीननं त्यानंतर वही फिरवली नाही.

मुलाखतीआधी बायोडाटा पाठवायचा होता. तो हातानं लिहायचा, काळ्या शाईत. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. एक रेघ चुकली तर अख्खा कागद नवा. ही तिकडची रीतच आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कागद स्कॅन होऊन पुण्याला जायला हवे होते. खालच्या दुकानातून अफशीननं कोऱ्या फॉर्मच्या नऊ प्रती आणल्या. शाळेच्या नावात, तारखेत, पत्त्यात सात वाया गेल्या. कुरुंद्याची साडेपाचची बस चुकली तर पुढची थेट अंधार पडल्यावर होती. आठव्या प्रतीवर सगळं बिनचूक उतरलं. नावाची जागा फॉर्मच्या डोक्यावर असते. ती तिनं भीतीनं शेवटाला ठेवली होती.

तिनं श्वास धरला आणि लिहिलं. रेघ थरथरली नाही. अक्षर इतकं देखणं आलं, की तिला शंका आली. बारीक फटकारे डावीकडे होते, पण जरा वरही होते. रेघ तिरपी होती, पण कुठून निघाली ते नुसतं पाहून सांगणं अवघड होतं. ‘शि’ म्हणावं तर ‘शि’, ‘त्सु’ म्हणावं तर ‘त्सु’. पुढचं ‘न’ही तसंच.

“सर, हा ‘शि’च वाटतो ना?”

देविदासच्या हातात संगिताचा कागद होता. त्यानं मान वळवून पाहिलं. “अफशीन,” त्यानं वाचलं. “बराबर हाय.”

ज्याला नाव माहीत असतं तो नाव वाचतो. नवव्या प्रतीला हात लावावा लागला नाही, आणि अफशीनला बस मिळाली.

मुलाखत नंतरच्या मंगळवारी होती, सकाळी साडेनऊला. जपानमध्ये तेव्हा दुपारचा एक. क्लासच्या खोलीत एक लॅपटॉप, त्यापुढं एक खुर्ची. चौघी मुली बाजूच्या बाकावर, कॅमेऱ्यात न येतील अशा. शिक्षकानं आत थांबायचं नाही असा नियम होता, म्हणून देविदास जिन्यात बसला. जाण्याआधी त्यानं पुन्हा एकदा बजावलं. नाव पुकारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हिंदी, इंग्रजी, काही नाही. समजलं नाही तरी चेहरा पाडायचा नाही, ‘हाय’ म्हणायचं आणि मान लववायची.

पडद्यावर दहा-बारा चौकोन होते. बाकीच्या चौकोनांत दुसऱ्या गावांतल्या मुली. एका चौकोनात चष्मा घातलेला मध्यमवयीन गृहस्थ हातात यादी घेऊन बसला होता. तो नाव वाचायचा, पुढं आदराचा ‘सान’ लावायचा, आणि मुलगी ‘हाय’ म्हणून खुर्चीत येऊन बसायची. संगिताला दुसऱ्याच नंबरला बोलावलं. ती चार मिनिटांत परत आली, नाकाच्या शेंड्यावर घाम.

“इचारलं काय?” अफशीननं कुजबुजून विचारलं.

“घरी कोण कोण असतं. मी बकऱ्या सुदिक सांगितल्या.”

दुसऱ्या दोघींचंही झालं. मध्ये मध्ये इतर गावांच्या मुली. मग त्या गृहस्थानं यादीवर बोट ठेवून वाचलं, “आफुत्सूसो-सान.”

कुणी उठलं नाही.

“आफुत्सूसो-सान, इमासु का?”

‘आहेत का?’ एवढं अफशीनला कळलं. तिनं पडद्यावरचे चौकोन एकेक करून पाहिले. सगळ्या मुली तिच्यासारख्याच इकडेतिकडे पाहत होत्या.

“कोण गं ही?” संगितानं विचारलं.

“दुसऱ्या सेंटरची असंल.”

“झोपली जनू बाई. हातची नोकरी घालवली.”

अफशीननं हसू दाबायला तोंडाला ओढणी लावली. तिसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं. गृहस्थानं क्षणभर थांबून यादीवर एक खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. त्यानंतर आणखी दोन. मग त्यानं यादी उलटी ठेवली, हात मांडीवर घेतले आणि आजच्याबद्दल सगळ्यांचे आभार मानले. हे वाक्य अफशीनला पाठ होतं. ते शेवटी म्हणतात.

संगितानं तिला कोपरानं ढोसलं. अफशीन उठली आणि न बोलावता खुर्चीत बसली. चौकोनातल्या गृहस्थानं चष्म्यावरून पाहिलं.

‘मला बोलावलं नाही’ हे मराठीत एका श्वासाचं वाक्य आहे. जपानीत त्याला क्रियापदाचं एक वेगळं रूप लागतं, आणि तो धडा त्यांच्या पुस्तकात सदतिसावा होता. ते तेराव्यापर्यंत आले होते. तिच्याकडे जे वाक्य होतं ते तिनं म्हटलं.

“वाताशि वा अफशीन देसु.” मी अफशीन आहे.

गृहस्थानं यादी सरळ केली. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा. तो बराच वेळ काही बोलला, सावकाश आणि अदबीनं. त्यातले दोन शब्द अफशीनच्या हाताला लागले: ‘नाव’ आणि ‘नाही’. तो थांबला आणि उत्तराची वाट पाहू लागला.

“हाय,” अफशीन म्हणाली, आणि मान लववली.

त्यानंही मान लववली. पडदा काळा झाला.

देविदास जिन्यातून वर आला तेव्हा चौघी उभ्याच होत्या. ऐकून घेतल्यावर त्यानं पुण्याला संस्थेच्या मॅडमना फोन लावला. आवाज आधी चढला, मग उतरला. दहा मिनिटांनी मोबाईलवर यादीचा फोटो आला. त्यानं बोटांनी तो मोठा केला आणि खालून चौथ्या ओळीवर थांबला. त्यानं ते नाव एकेक अक्षर सुटं करून वाचलं. मग खोलीतल्या कुणाकडे न पाहता पुन्हा जोडून वाचलं.

संगितानं त्याच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये पाहिलं.

“ही तू हाईस,” देविदास अफशीनला म्हणाला.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. यादी जपानमधल्या कारकुनानं उमेदवाराच्या अक्षरावरून केली. परदेशी नाव कसंही असू शकतं, त्यानं दिसलं ते टंकलं. आफुत्सूसो नावाची मुलगी न कळवता गैरहजर राहिली, आणि न कळवता गैरहजर राहिलेल्याला संस्था वर्षभर मुलाखतीला घेत नाही. अफशीन नावाची मुलगी यादीत नव्हतीच. चूक झाली असं कळवायचं तर गैरहजर मुलगी हीच, हे मान्य करावं लागेल. मग ते वर्ष हिच्या नावावर पडेल. आजच्या मुलाखतीची नोंद तर जपानमध्ये झालीच.

“आपण गप राहू,” देविदास म्हणाला. “नवा फॉर्म भरू. अफशीनला कुठं गैरहजर मांडलंय?”

“दोन्ही फॉर्मवर पासपोर्टचा नंबर एकच येईल ना, सर.”

त्यानं मान हलवली. तो लाल पेन उघडत-मिटत राहिला. वही उलटी धरून काढलेल्या त्या वीस अक्षरांचा विषय त्यानं काढला नाही. नंतर अफशीन जिना उतरत असताना तिला ‘मादा’ हा शब्द आठवला. अजून. सातव्या धड्यात होता. ‘मी, अजून’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती पायरीवर थांबली, मग डेपोकडे चालू लागली.

त्या संध्याकाळी देविदासनं संस्थेला पत्र लिहिलं, अफशीनच्या नावानं. पत्रात खरं तेच होतं. उत्तर तीन दिवसांनी आलं. कळवल्याबद्दल आभार, आणि नोंद दुरुस्त केल्याची माहिती. गैरहजेरी आता अफशीनच्या नावावर होती. त्याच उत्तरात चौघींपैकी एकट्या संगिताची निवड झाल्याचं कळलं. संगितानं फोन केला. तिनं पुण्याला चादर न्यावी लागते का, असं विचारलं. अफशीननं दोन ने म्हणून सांगितलं.

सोमवारी अफशीन दवाखान्यात जाऊन आली. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती. मेट्रननं नंबर लिहून ठेवला.

घरी आल्यावर खतीजाबींनी परात पुढं ओढली आणि पीठ घेतलं. शेजारच्या बायका चार दिवस विचारत होत्या, आणि त्यांना सांगायला काहीतरी हवं होतं.

“मैं बोल देतूं लोगां कू,” त्या म्हणाल्या. “जपानवालों ने बुलायेच नईं बोलके.”

“बुलाये थे, अम्मी.”

“बुलाये थे?”

“हौ. तीन बार.”

खतीजाबींचे हात पिठातच थांबले. “फिर तू उठी कायकू नईं?”

अफशीननं पाण्याचा तांब्या परातीजवळ सरकवला. खतीजाबी पाणी घालून पीठ मळायला लागल्या.